आइस हॉकीची हंगामपूर्व भाकिते हंगाम संपल्यावर वाचताना: एनएचएल २०१८-१९

आपला प्रश्न असा आहे की, उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, हंगाम सुरू होण्यापूर्वी जाणकार मंडळी जी भाकिते करतात ती हंगाम संपल्यावर पुन्हा वाचली तर कितपत खरी ठरलेली दिसतात, आणि ती वाचण्यात काही अर्थ आहे का. मी टोरंटोजवळ राहतो. सप्टेंबर महिन्यात इकडे या भाकितांखेरीज दुसरे फारसे काही कानावर पडत नाही, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. उत्तरासाठी मी २०१८-१९ हा एकच हंगाम घेतो, कारण भाकीत खरे ठरण्याचे आणि फसण्याचे जितके प्रकार संभवतात ते बहुतेक सगळे त्या एका वर्षात पाहायला मिळाले. माझे मत असे की त्या वर्षीची भाकिते लोकांच्या आठवणीत आहेत तितकी चुकलेली नव्हती, आणि जिथे ती खरोखर चुकली तिथे चुकीच्या मुळाशी बहुधा गोलरक्षक होता.

आधी स्पर्धेची रचना थोडक्यात सांगतो. त्या वर्षी लीगमध्ये ३१ संघ होते. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळला; विजयाला २ गुण मिळतात आणि जादा वेळेत किंवा पेनल्टी शूटआउटमध्ये हरलेल्या संघालाही १ गुण मिळतो. त्यानंतर १६ संघ प्लेऑफमध्ये जातात आणि तिथे सातपैकी चार सामने जिंकण्याच्या चार मालिका पार करणाऱ्या संघाला स्टॅनली कप मिळतो. याचा अर्थ हंगामपूर्व भाकितात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: ८२ सामन्यांनंतर गुणतक्त्यात कोण कुठे असेल, आणि जूनमध्ये चषक कोण उचलेल. पहिल्या गोष्टीचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, दुसरीचा फारच थोडा, आणि वाचक मात्र दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडतात.

टॅम्पा बे लाइटनिंगचे उदाहरण पाहा. हंगामापूर्वी हा संघ बहुतेकांच्या यादीत अगदी वर होता. त्याने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि डेट्रॉइटने १९९५-९६ मध्ये केलेल्या सर्वाधिक विजयांच्या विक्रमाशी बरोबरी साधली. त्याचे गुण १२८ झाले, तर दुसऱ्या क्रमांकावरील कॅल्गरीचे १०७ होते. या संघाच्या निकिता कुचेरोव्हने एकट्याने १२८ वैयक्तिक गुण (म्हणजे स्वतः केलेले गोल आणि इतरांच्या गोलांना केलेले साहाय्य यांची बेरीज) मिळवले आणि मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे गेला. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत कोलंबसविरुद्धच्या पहिल्या सामन्यात ३-० अशी आघाडी घेऊन हा संघ ३-४ असा हरला, आणि पुढचे तिन्ही सामनेही त्याने गमावले. साखळीत अव्वल आलेल्या संघाला दिला जाणारा प्रेसिडेंट्स करंडक जिंकून पहिल्याच फेरीत एकही सामना न जिंकता बाहेर पडणारा हा पहिलाच संघ. लोक तेव्हा म्हणाले, आणि अजूनही म्हणतात, की टॅम्पाबद्दलचे भाकीत सपशेल फसले. मला ते मान्य नाही. सहा महिन्यांच्या खेळाबद्दल जे सांगितले होते ते त्याहूनही सरस रीतीने खरे ठरले. फसली ती आठवड्याभरात संपलेली एक मालिका.

इथे थोडे गणित केले पाहिजे. समजा एखादा संघ इतका बलाढ्य आहे की कोणतीही मालिका जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे. एनएचएलमध्ये ही शक्यता भलतीच मोठी मानावी लागेल. अशा चार मालिका सलग जिंकण्याची शक्यता सुमारे २४ टक्के येते, म्हणजे चारांतून तीन वेळा तो संघ चषकाविनाच घरी जाणार. म्हणून हंगामापूर्वी कोणी टॅम्पाचे नाव चषकासाठी लिहिले असेल तर ते चुकण्याचीच शक्यता अधिक होती, तरीही त्याहून चांगले दुसरे नाव उपलब्ध नव्हते. क्रिकेट पाहणाऱ्यांना हे लवकर कळेल: कसोटीत बलवान संघाला आपले बळ दाखवायला पाच दिवस मिळतात, वीस षटकांत एखादे षटक सामना फिरवते, आणि हॉकी या बाबतीत वीस षटकांच्या जवळ आहे. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण सहा गोल होतात; पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, एकदा कोणाच्या तरी स्केटला लागून आत गेला की निकाल बदलतो. त्या वसंतात चारही विभागांचे विजेते, म्हणजे टॅम्पा, वॉशिंग्टन, नॅशव्हिल आणि कॅल्गरी, पहिल्याच फेरीत गारद झाले.

सेंट लुईस ब्लूजची कथा मला टॅम्पापेक्षाही अधिक बोलकी वाटते. २०१८ च्या उन्हाळ्यात या संघाने बफेलोकडून रायन ओ'रायली मिळवला, शिवाय डेव्हिड पेरॉन आणि टायलर बोझॅक यांना करारबद्ध केले, त्यामुळे बऱ्याच जाणकारांनी हा संघ प्लेऑफ गाठेल आणि कदाचित दूरवर जाईल असे लिहिले होते. नोव्हेंबरात प्रशिक्षक माइक यो यांना काढून क्रेग बेरूबे यांच्याकडे तात्पुरती सूत्रे देण्यात आली, आणि ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ३७ सामन्यांत ३४ गुण घेऊन ब्लूज संपूर्ण लीगमध्ये तळाशी होते. त्या आठवड्यांत ती सप्टेंबरची भाकिते उकरून काढून त्यांची थट्टा करणे फार सोपे होते. लास व्हेगासमधल्या सट्ट्यात ब्लूजचा भाव २५० ला १ पर्यंत गेला होता.

तळाच्या त्या स्थानाकडे नीट पाहिले तर मात्र असे दिसते की, संघाचे बाकीचे अंग त्या गुणतक्त्याइतके वाईट नव्हते. खरे दुखणे गोलरक्षणाचे होते. ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन या २५ वर्षांच्या गोलरक्षकाला त्याचा एनएचएलमधला पहिला पूर्ण सामना मिळाला आणि त्याने फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. हा खेळाडू २०११ च्या, नवोदित खेळाडू संघांनी वाटून घेण्याच्या निवड प्रक्रियेत ८८ व्या क्रमांकावर घेतलेला, इतकी वर्षे कनिष्ठ लीगमध्ये राहिलेला, आणि आदल्या हंगामात तर बॉस्टन ब्रुइन्सच्या प्रॉव्हिडन्स येथील दुय्यम संघाला उसना दिलेला. सप्टेंबरातल्या कोणत्याही भाकितात त्याला जागा असण्याचे कारणच नव्हते. त्याने साखळीत २४ सामने जिंकून दिले, संघाने मधल्या काळात सलग ११ विजय मिळवले आणि ९९ गुणांसह प्लेऑफ गाठले. अंतिम मालिका त्याच बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेली. १२ जूनच्या त्या सामन्यात पहिल्या सत्रात बॉस्टनने गोलवर १२ फटके मारले, ब्लूजने अवघे चार, आणि सत्र संपले तेव्हा ब्लूज २-० ने पुढे होते. सामना त्यांनी ४-१ असा जिंकला, १९६७ मध्ये लीगमध्ये आल्यापासूनचा पहिला चषक मिळवला, आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान ओ'रायलीला मिळाला.

आता ब्लूजबद्दलचे सप्टेंबरचे भाकीत बरोबर म्हणायचे की चूक? ओ'रायलीमुळे हा संघ चांगला होईल हे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पण जानेवारीत तळाशी जाऊन ज्याच्यामुळे वर येता आले ते नाव कोणालाच माहीत नव्हते. निष्कर्ष योग्य आणि कारणांचा निम्मा भाग अज्ञात, असे हे प्रकरण आहे, आणि माझ्या मते त्याला बरोबर म्हणताना थोडी कंजुषीच करायला हवी.

गोलरक्षकाचे वजन किती असते तेही आकड्यांत पाहू. संघाला एका सामन्यात साधारण ३० फटके सोसावे लागतात. सर्वसाधारण गोलरक्षक त्यांपैकी ९१ टक्के अडवतो. बिनिंग्टनने त्या हंगामात ९२.७ टक्के अडवले. फरक दोन टक्क्यांहूनही कमी दिसतो, पण तो सामन्यागणिक अर्धा गोल वाचवतो, आणि पूर्ण हंगामभर टिकला तर चाळीसच्या आसपास गोल होतात. ढोबळ मानाने सहा गोलांमागे एक विजय धरला, तर हा फरक तेरा-चौदा गुणांचा झाला, म्हणजे मधल्या फळीतला संघ आणि अव्वल संघ यांच्यातले अंतर. पंचाईत अशी की हाच आकडा एकाच खेळाडूच्या बाबतीत एका वर्षातून दुसऱ्या वर्षात मोठा हेलकावा खातो. आघाडीचा खेळाडू पुढच्या वर्षी किती गोल करील याचा अंदाज त्यामानाने कितीतरी सोपा असतो.

न्यूयॉर्क आयलंडर्सच्या बाबतीत भाकिते जी आपटली, आणि तीही एकमुखाने, त्याचे कारण नेमके हेच. १ जुलै २०१८ रोजी त्यांचा कर्णधार जॉन टाव्हारेस सात वर्षांच्या, ७ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर टोरंटोकडे निघून गेला, आणि आदल्या वर्षी ८० गुणांवर थांबलेला हा संघ आता तळ गाठणार असे जवळपास सर्वत्र लिहिले गेले. त्यांनी मिळवले १०३ गुण. गंमत म्हणजे भाकितकारांच्या तर्कातला एक भाग तंतोतंत खरा होता: टाव्हारेस गेल्यामुळे गोल कमी होतील असे ते म्हणाले, आणि संघाचे गोल २६४ वरून २२८ वर आलेच. पण स्वीकारलेले गोल २९६ वरून १९६ वर आले. म्हणजे आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गोल खाणारा संघ दुसऱ्या वर्षी सर्वांत कमी गोल खाणारा ठरला. वॉशिंग्टनला चषक जिंकून देऊन राजीनामा दिलेले बॅरी ट्रॉट्झ हे नवे प्रशिक्षक आले होते, त्यांनी बचावाची शिस्त बसवली. रॉबिन लेनर एका वर्षाच्या स्वस्त करारावर आला आणि थॉमस ग्राइस, जो आदल्या हंगामात ९० टक्के फटकेही अडवू शकला नव्हता, तोच आता ९२.७ टक्क्यांवर पोहोचला. गेलेल्या माणसाचे गोल मोजणे सोपे असते म्हणून सगळ्यांनी तेच मोजले. ट्रॉट्झ यांच्या येण्याचे मोल मात्र फारसे कोणी धरले नाही, आणि ते मला आजही अक्षम्य वाटते, कारण त्यांची कारकीर्द काही गुपित नव्हती.

टोरंटोची हकिगत आमच्या परिसरात दुःखद म्हणून सांगितली जाते, पण भाकितांच्या दृष्टीने ती अगदीच सामान्य आहे. टाव्हारेसने ४७ गोल केले, संघाने १०० गुण मिळवले, आणि पहिल्या फेरीत सातव्या सामन्यात बॉस्टनकडून पराभव झाला, आदल्या वर्षीप्रमाणेच. बफेलोबद्दल मात्र दोन वाक्ये लिहायला हवीत. नोव्हेंबरात सलग १० विजय मिळवून हा संघ लीगच्या शिखरावर पोहोचला तेव्हा त्याला दुबळा म्हणणाऱ्या भाकितांवर बरेच हसून झाले. पण ते बहुतेक विजय एकेका गोलाच्या फरकाचे होते, उरलेल्या ५७ सामन्यांत त्याने फक्त १६ जिंकले, आणि ७६ गुणांवर थांबून तो सप्टेंबरात सांगितलेल्या जागीच जाऊन बसला.

तेव्हा ही भाकिते वाचावीत का, या आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर होय असे आहे, पण क्रमांकांसाठी वाचू नयेत. एखाद्या संघाला सातव्या जागी ठेवले की नवव्या, याला काडीची किंमत नाही. लेखकाने संघाच्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही गोलरक्षकांबद्दल काही लिहिले आहे का, आदल्या वर्षीचे यश असामान्य गोलरक्षणावर किंवा एकेका गोलाच्या विजयांवर उभे होते का हे तपासले आहे का, आणि नवा प्रशिक्षक कोणत्या पद्धतीचा आहे हे सांगितले आहे का, एवढे पाहावे. जो फक्त उन्हाळ्यातील करारांची बेरीज-वजाबाकी करतो त्याचा लेख मी अर्ध्यावर सोडतो. टॅम्पावरील विश्वास ज्यांनी २०१९ च्या त्या पराभवानंतरही सोडला नाही त्यांना फार थांबावे लागले नाही: त्या संघाने २०२० मध्ये पहिल्या फेरीत कोलंबसलाच हरवून पुढे चषक जिंकला आणि २०२१ मध्ये पुन्हा जिंकला. दोन्ही वर्षी उपांत्य फेरीत त्याच्यासमोर ट्रॉट्झ यांचे आयलंडर्स होते, आणि २०२१ मध्ये ती मालिका सातव्या सामन्यात १-० अशी सुटली.