रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) सोडलेले नवीन खेकडे दोन दिवसांत का मरतात? नागपुरात ते कसे सोडावेत?

तुम्ही लिहिलंय की मुंबईहून काही हर्मिट (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) आणि एक एमराल्ड (हिरवा खेकडा) मागवला, पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगवली, मग सोडले आणि दोन दिवसांत एकेक करून सगळे गेले. मासे मात्र ठणठणीत, अमोनिया शून्य. या सगळ्यात एक आकडा कुठेच नाही, तो म्हणजे पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा. माझा पहिला संशय तिथेच.

मासा आपल्या अंगातलं मीठ बऱ्यापैकी सांभाळून घेतो. रीफमधल्या खेकड्यांना, झिंग्यांना ते फारसं जमत नाही. बाहेरचं पाणी बदललं की अंगातलं द्रवही त्याच्या मागे जातं. त्यात बरेच दुकानदार खाऱ्या टाक्या मुद्दाम १.०१८ ते १.०२० वर (साध्या पाण्याच्या तुलनेतली घनता, म्हणजेच खारेपणाचा आकडा) ठेवतात. मिठाचा खर्च वाचतो, माशांवरचे परजीवीही कमी होतात. तुमचा टँक १.०२५ च्या आसपास असणार. पिशवी तरंगवून तापमान जुळतं, खारेपणा जुळत नाही. सोडल्यावर खेकडा चालताना दिसतो, मरतो तो नंतर, म्हणून दोष भलत्याच गोष्टीला जातो.

तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून खारेपणा दाखवणारं यंत्र) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवून घ्या. काट्याचे प्लास्टिकचे हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला तरी चुकीचं दाखवतात.

आता दुसरी अडचण. मुंबईहून माल रात्रभर गाडीत असतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली येतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा त्रास देत नाही. पिशवी उघडली, हवा लागली, की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे सावकाश जुळवायला त्याच पाण्यात दोन तास ठेवावं तर अमोनिया, आणि झटक्यात टँकमध्ये टाकावं तर खारेपणा. दोन्हीकडून कोंडी. मी करतो ते असं: दुकानदाराला आदल्या दिवशीच फोन करून टाकीचा आकडा विचारतो आणि तेवढ्याच खारेपणाचं पाणी बादलीत बनवून, एअर स्टोन (पाण्यात बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवतो. पिशवी आली की तापमान जुळवायचं, पिशवीतलं पाणी मोजायचं, बादलीत फरक असेल तर आरओ किंवा मीठपाणी घालून तो काढायचा, आणि खेकडे जाळीने उचलून बादलीत. पिशवीतलं पाणी मोरीत; टँकमध्ये त्याचा थेंबही नको. मग टँकमधून बादलीत बारीक एअरलाइन नळी, धार मंद करायला तिला एक गाठ, सेकंदाला दोन-तीन थेंब. घड्याळ बघू नका. दर थोड्या वेळाने मोजा, बादली भरत आली तर अर्धं पाणी काढा, आणि दोन्हीकडचा आकडा सारखा झाला की थांबा.

बादली नवी हवी. आधी माशांना तांब्याचं औषध दिलेली बादली, पाइप, जाळी, काहीही वापरू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर तांबं चालतं, पण खेकड्यांसाठी ते विष आहे, आणि खडकात, सिलिकॉनमध्ये ते मुरून राहतं. तुमच्या टँकमध्ये पूर्वी कधी असं औषध पडलंय का, हे जुन्या मालकाला नक्की विचारा, टँक सेकंडहँड घेतला असेल तर.

एक गोष्ट मला कुणी विचारतच नाही: टँकच्या खोलीत डासांचं काय लावता? कॉइल आणि लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असतात. डास मारणारं औषध खेकड्यालाही मारतं, कारण दोघेही संधिपादच. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. पावसाळ्यात कॉलनीत फॉगिंगची गाडी आली की मी आधी खिडक्या लावतो आणि एअर पंप बंद करतो. टँकच्या खोलीत मच्छरदाणी वापरा, बाप्पा.

सोडायचं संध्याकाळी, दिवे बंद करून. वरून टाकू नका; हाताने खाली नेऊन खडकाच्या पायथ्याशी, शंखाचं तोंड खाली करून ठेवा. एमराल्डला फटीजवळ सोडा, तो आपला आत शिरतो. ट्रिगर, पफर किंवा हॉकफिश यातला कुठला मासा असेल तर खेकडे घेऊच नका. सिक्सलाइन रास हा मासाही लहान हर्मिटना सतावतो.

हर्मिट जुने असोत की नवे, भांडण शंखावरून होतं. थोड्या मोठ्या मापाचे रिकामे शंख आधीच वाळूवर पसरून ठेवा. बाजारातले वार्निश मारलेले चकचकीत शंख नकोत. शंख कमी पडले तर ते तुमच्या गोगलगायी मारून त्यांचे घेतात. पोरांनी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरून डब्यात घालून आणलेला कोरड्यावर फिरणारा हर्मिट तर टँकमध्ये कधीच टाकू नका. जमिनीवर राहणारी जात असेल तर ती पाण्यात बुडून मरते.

काही दिवसांनी अख्खा खेकडा उलटा पडलेला दिसेल. घाईने काढू नका. ती बहुतेक कात असते: आतून पोकळ, वास नाही. खरा मालक नव्या मऊ अंगाने कुठेतरी दडलेला असतो, कवच कडक होईपर्यंत बाहेर येत नाही. मेलेल्याची दुर्गंधी चुकत नाही. कात टाकून दडलेल्याला शोधायला खडक उचकटू नका. हर्मिट शंख सोडून उघडा बसला असेल तर मात्र पाणी मोजा, काहीतरी बिनसलंय.

एमराल्ड एकच ठेवा. बबल अल्गी (बुडबुड्यांसारखं शेवाळ) खातो म्हणून आणतात, पण ती संपली की प्रवाळ टोचायला लागतो. आठवड्यातून एक-दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा द्या.

आणि आपल्या उन्हाळ्याचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, त्यात टँकवर पंखा असला तर, पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. सकाळी १.०२५ असलेला टँक दोन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) चुकला की वर सरकतो, आणि नव्या खेकड्याला पुन्हा तोच धक्का. रोज आरओचंच पाणी घाला, नळाचं नको, मग ते पेंचचं असो की कन्हानचं. नवतप्यात (मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत) तर मागवूच नका. थर्मोकोलचा डबा स्टेशनवर तासभर उन्हात राहिला तरी आतलं पाणी किती तापेल याचा भरवसा नाही. मृग लागून दोन-चार सरी पडल्या की ऑर्डर द्या, तोवर दुकानदाराकडून त्याच्या टाकीचा आकडा मिळवून ठेवा.