बायकोने सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी घासली. तिला परत गाडी द्यावी का? आणि इन्शुरन्स क्लेम करावा का?

उत्तर द्यायचं नव्हतं, पण 'द्यावी का' वाचलं आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की बायकोनं याच वर्षी लायसन्स काढलं, परवा बेसमेंटमधून बाहेर काढताना खांबाला डावा मागचा दरवाजा घासला, गॅरेजवाला सहा हजार म्हणतोय, तुम्ही 'काही बोललो नाही फक्त दोन दिवस शांत आहे', आणि आता तिच्या हातात परत गाडी द्यावी का. एवढं सगळं लिहिलंत पण आरसीवर नाव कुणाचं आणि हप्ता कुणाच्या खात्यातून जातो ते लिहिलं नाहीत. म्हणजे तुमचंच असणार असं धरून चालते. आमच्याकडे उलटं होतं, तरी प्रश्न हाच होता, म्हणून सांगते.

आमची वॅगन आर, सिल्व्हर, डिसेंबर २०१४ ची. माझ्या नावावर, माझ्या पगारातून हप्ता. नवऱ्याला चारचाकी येत होती म्हणजे लायसन्स होतं, पण त्याचं सगळं आयुष्य बाईकवर गेलेलं. मी मोटार ट्रेनिंगवाल्याकडे शिकून वर तीन महिने रोज पहाटे सिंहगड रोडला रिकाम्या रस्त्यावर प्रॅक्टिस केलेली. त्यामुळे लांबचा पल्ला असला की मीच चालवणार हे न बोलता ठरलेलं. अर्थात नातेवाईकांच्या दारात पोचायच्या आधी शेवटचा एक किलोमीटर तो चालवायला मागायचा, ती गोष्ट वेगळी.

२०१८ च्या गौरी-गणपतीला कोल्हापूरला निघालो, सासरी, मंगळवार पेठेत. पुण्याहून दोनशे तीस किलोमीटर, खंबाटकी घाटात ट्रकांची रांग, आणि नवरा खेड शिवापूरच्या टोलनाक्याला झोपला तो कराडला चहाला उठला. त्या दिवशी शेवटचा किलोमीटरही मागितला नाही कारण मान अवघडली होती. आमची गल्ली म्हणजे समोरून रिक्षा आली तर कुणाला तरी मागे जावं लागतं अशी. त्यात सासरच्या दाराशेजारी जुना दगडी कट्टा आहे, गुडघ्याएवढा, आणि त्याचा कोपरा चांगला वीतभर रस्त्यात आलेला. मी रिव्हर्स घेऊन लावली, तोंड बाहेर, आरसे मिटून, गल्लीतला एक पोरगा मागे उभा राहून 'या, या, या, बास्स' करत होता. कट्टा आणि गाडी यांच्यात माझा हात जाईल एवढं अंतर होतं, मी उतरून हात घालून बघितलेला. दुपारचे तीन.

पाच वाजता सासूबाईंनी तुळशीला आणि कट्ट्याला गेरू दिला, उद्या गौरी येणार म्हणून. हे लक्षात ठेवा.

आठ वाजता नवरा म्हणाला शेपू आणि फुलं आणतो, चावी दे. (गौरी येते त्या दिवशी शेपूची भाजी आणि भाकरी हा नैवेद्य, बाकी काही चुकलं तरी शेपू चुकत नाही.) मंडई चालत दहा मिनिटं. शेपूच्या दोन जुड्यांना गाडी कशाला हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं, त्याचे शाळेतले जुने मित्र कोपऱ्यावर बसलेले असतात. दिली चावी. दीड तासानं आला. शेपू आणला, फुलं विसरला.

सकाळी अंगणात रांगोळीला गेले तर सासरे गाडीपाशी वाकून उभे. डाव्या मागच्या दारावर हातभर ओरखडा, दाराच्या मधोमध सुरू झालेला आणि मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत गेलेला, शेवटी पत्रा चक्क आत दबलेला. सासरे म्हणाले, "सुनबाई, काल लावताना लागली काय गं?" शेजारचे काका दात घासत घासत आले आणि म्हणाले, "वैनी, पुण्यात रस्तं रुंद असत्यात, हितं अंदाज लागत न्हाई." सासूबाई आतूनच, न बघता, "ऱ्हाऊ दे गं, बायकांस्नी व्हायचंच, आज सणाचं काय मनाला लावून घेऊ नको." एवढं होईपर्यंत माझा नवरा पायरीवर पेपर वाचत होता. एवढा वेळ एकच पान.

मी खाली बसून ओरखड्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. गेरू. ओरखड्याच्या पूर्ण लांबीत गेरू भरलेला, आणि कट्ट्याच्या कोपऱ्यावर गेरू खरवडून तिथे सिल्व्हर रंगाची रेघ.

मी आवाज न चढवता विचारलं, आई, गेरू कधी दिलात? "पाचाला दिला की." आणि मी गाडी कधी लावली? "तू तीनला आलीस." मग सगळे गप्प. नवऱ्यानं पान उलटलं आणि म्हणाला, "अगं, घासली गेलीये वाटतं थोडी."

घासली गेलीये! शाळेत मला वाक्यातला कर्ता कधी सापडला नाही, मार्क गेले त्यात, लग्नानंतर एकदम क्लिअर झालं. त्याच्या हातून झालं की 'घासली गेली', 'लागलंय जरासं', 'कट्टा मध्ये आला'. कट्टा १९५० सालापासून तिथेच आहे असं सासरेच सांगतात, तो त्या रात्री मध्ये आला. माझ्या हातून झालं की 'तू ठोकलीस'. तुमचाच प्रश्न बघा, 'बायकोने गाडी घासली'. तुमच्या हातून झालं असतं तर 'पार्किंगमध्ये गाडीला ओरखडा आला' असं लिहिलं असतंत, पैज लावते.

आणि सासूबाईंचं शेवटचं वाक्य ऐका, सगळा उलगडा झाल्यावर, गेरूनं लाल झालेलं माझं बोट बघून: "कट्टा ओला हाय म्हणून तू त्याला सांगायचंस न्हाई व्हय?"

असो. आता तुमच्या कामाचं. तुमच्या बायकोचा आणि माझ्या नवऱ्याचा ओरखडा एकाच जागी आहे, डावा मागचा दरवाजा, आणि हे योगायोगानं नाही. गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. पुढचं तोंड खांबातून सुटलं की माणसाला वाटतं सुटलो, आणि स्टिअरिंग फिरवतो, तेव्हा गाडीचं अर्धं पोट अजून खांबाशेजारी असतं. बाईकवाल्यांना हे जास्त होतं कारण त्यांच्या मते गाडी हँडलपाशी संपते. त्यात आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, डावी बाजू दिसत नाही. तिला एवढंच सांगा की आपला खांदा खांबाच्या पुढे गेल्याशिवाय वळवायचं नाही, आणि वळवताना डाव्या आरशात बघत राहायचं. आणि हे सांगताना शेजारच्या सीटवर बसून 'अगं अगं अगं' करू नका, त्यानंच निम्म्या गाड्या घासतात. रविवारी सकाळी बेसमेंट रिकामं असताना दहा वेळा आत-बाहेर करायला लावा आणि तुम्ही बाहेर उभे राहा.

क्लेमचं. माझ्या नवऱ्याला लगेच क्लेम करायचा होता, कारण क्लेम केला की खर्च 'कंपनीनं दिला', म्हणजे परत कर्ता दुसराच. मी बसून हिशोब केला. क्लेम न केलेल्या वर्षांचा नो क्लेम बोनस मिळतो, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५०. तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या प्रीमियमवर नाही. माझा तेव्हा ३५ चालू होता, डिसेंबरला ४५ होणार होता. एक क्लेम केला की रिन्यूअलला शून्य, आणि परत ४५ ला पोचायला चार वर्षं. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये आपले जातातच, आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर पेंटच्या मटेरियलमध्येही ते निम्मा घसारा कापतात. गॅरेजवाल्यानं मला दार आणि कमान मिळून पाच हजार सांगितलेले. क्लेम करून तात्पुरते तीन-साडेतीन वाचले असते आणि पुढच्या चार रिन्यूअलमध्ये त्याहून जास्त गेले असते. नाही केला. तुमच्या सहा हजारालाही मी करणार नाही, पण तुमची पॉलिसी काढून ओन डॅमेजचा आकडा बघा, गाडी महाग असेल तर बोनसची किंमत अजून वाढते. कुणी बोनस प्रोटेक्शन, म्हणजे क्लेम करूनही बोनस टिकवणारं कव्हर, घेतलेलं असतं, त्यांचं गणित वेगळं. आणि मोठं काही असेल, बोनेट, रेडिएटर, लाईट, तर मुकाट्यानं क्लेम करा, मग बोनस बघत बसू नका.

गॅरेजला जायच्या आधी ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर वरच्या क्लिअर कोटलाच लागलंय, रबिंग-पॉलिशमध्ये बरंचसं जातं, दार रंगवायची गरज नाही. पत्रा दिसत असेल तर मात्र पावसाळ्याआधी करून घ्या, गंज धरला की वरून लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही, दोन वर्षांत फुगून वर येते. सिल्व्हर रंग मॅच करायला सगळ्यात वाईट, माझं दार उन्हात अजून वेगळं दिसतं. मला चालतं. पुरावा आहे तो.

हां, आणि कायद्याचं राहिलं. इन्शुरन्स गाडीचा असतो, वैध लायसन्सवालं घरातलं कुणीही तुमच्या परवानगीनं चालवत असेल तर ओन डॅमेज मिळतो, बायको चालवत होती म्हणून नाकारत नाहीत. पण पॉलिसीत तो जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो फक्त मालक-चालकाचा, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आणि ज्याच्याकडे लायसन्स त्याचा. तुमच्या गाडीत बायको चालवताना तिचं काही बरंवाईट झालं तर तो तिला लागू नाही. हे निम्म्या नवऱ्यांना माहीतच नसतं, सहा हजाराच्या दारावर दोन दिवस गप्प बसतात आणि हे बघत नाहीत. तिच्या नावानं वेगळा पर्सनल ॲक्सिडेंट विमा काढा, फार महाग नसतो. आणि लायसन्स म्हणजे पक्कं म्हणतेय. लर्निंग असेल तर पुढे-मागे लाल एल आणि शेजारी पक्कं लायसन्सवाला पाहिजे. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकालाही २०१९ च्या बदलानंतर पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन्ही आहे, ही गाडी देणाऱ्याची, चालवणाऱ्याची वेगळी. थर्ड पार्टीला लागलं तर कंपनी आधी भरपाई देऊन मग तुमच्याकडून वसूल करू शकते.

प्रामाणिकपणे हेही सांगते की मी काही सद्गुणाची पुतळी नाही. २०२१ ला ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी स्वतः रिव्हर्समध्ये नळाच्या पाईपला बंपर लावला, दिवसाढवळ्या, सेन्सर ओरडत असताना. घरी येऊन चहा ठेवायच्या आधी सांगितलं, 'मी ठोकली'. नवरा म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." काय म्हणत होता ते मी अजून विचारतेय. सगळेच नवरे असे असतात असं म्हणायचं नाही, माझा भाऊ बायकोच्या स्कूटीला त्याच्या हातून साधा ओरखडा आला तरी आधी सांगतो. आणि काही बायकाही दुसऱ्याच्या नावावर बिलं फाडतात, माझ्या मैत्रिणीनं मागून ट्रकवाल्यानं धडक दिली सांगितलेलं, गाडी घरातल्या गेटला लागली होती.

तर तुमच्या 'द्यावी का'चं उत्तर, चावी खुंटीला टांगा, जिला लागेल ती घेईल. आणि जाऊन बोला तिच्याशी, दोन दिवस खूप झाले.

गेल्या गणपतीत गेलो तेव्हा कट्ट्याचा तो कोपरा नव्हता. सासऱ्यांनी गवंडी लावून छिन्नीनं तासून गोल करून घेतलाय, वरून सिमेंट. मी म्हटलं बाबा छान केलंत. तर म्हणाले, "तुलाच बरं पडावं म्हणून केलं गं, मागं तुझ्या हातनं लागली हुती न्हवं." नवरा डिकीतून बॅगा काढत होता. वर बघितलं नाही.