संदर्भ आधी उघडून बघ, मग लिही

नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पीएचडीच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण वाचून झालं. भाषा आधीपेक्षा खूपच सफाईदार झाली आहे. पण त्यातला एक संदर्भ मला कुठेच सापडला नाही. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीच्या प्रतिकारशक्तीवरचा तो शोधनिबंध. लेखक खरा आहे, कापसावर काम करणारा आहे. नियतकालिक खरं आहे, वर्षही जुळतं. मी तो खंड आणि तो अंक उघडला, तर तू दिलेल्या पानांवर दुसराच लेख निघाला. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, टाकला तर तिसरंच काहीतरी उघडलं. असा निबंध कुणी लिहिलेलाच नाही. तू हे मुद्दाम केलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. चॅटजीपीटीने यादी दिली असेल आणि घाईत ती तशीच चिकटवली गेली असेल. मी रागावलेली नाही. पण प्रबंध जमा करायला अजून अवधी आहे, सवय आत्ताच बदलता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चॅटजीपीटीमागचं हे भाषेचं मॉडेल ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढून आणत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने ते वाक्य जुळवत जातं. संदर्भ दिसायला कसा असतो हे त्याला नेमकं ठाऊक आहे, म्हणून तसा दिसणारा संदर्भ ते बिनदिक्कत तयार करतं. आता इंटरनेटवर शोधून उत्तर देणारी साधनं आली आहेत. त्यांत निबंध बहुतेक वेळा खरा असतो, पण त्यात नसलेला निष्कर्ष त्याच्या नावावर टाकलेला असू शकतो. ही चूक पकडायला जास्त कठीण, कारण दुवा उघडतो आणि आपलं समाधान होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, हे खटले खरे आहेत का, असं त्यांनी त्याच साधनाला विचारलं होतं आणि त्याने हो म्हणून सांगितलं होतं. साधनाची साक्ष त्याच साधनाकडून काढायची नसते, बेटा.

म्हणून माझ्याकडे एकच नियम आहे. जो निबंध तू स्वतः उघडला नाहीस, ज्याची पद्धत आणि निष्कर्ष वाचले नाहीस, तो यादीत येणार नाही. यादी निम्मी झाली तरी चालेल. मौखिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमक्या कोणत्या संदर्भावर बोट ठेवतील, ते सांगता येत नाही.

तुझ्या विषयात मात्र याहून मोठा धोका आहे. प्रकरणाच्या शेवटी तू नियंत्रणाच्या उपायांचा जो परिच्छेद लिहिला आहेस, तो वाचताना मला अमेरिकेचा वास आला. नर वांझ करून सोडायचे, पट्ट्यापट्ट्याने क्षेत्र मोकळं करायचं वगैरे. त्या देशाने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं, आणि त्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. मॉडेलला तेच जास्त वाचायला मिळालेलं आहे. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. इथे बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं बीजी-२ २००६ मध्ये आलं, आणि गुलाबी बोंडअळी दोन्हींना पचवून बसली. आपल्याकडे संकरित वाणं आहेत, लांब मुदतीची आहेत, आणि पाण्याची सोय असली की शेतकरी फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपला तरी पीक उभं ठेवून आणखी वेचण्या काढतो. डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा म्हणून कृषी विभाग सांगत राहतो, तरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मार्चपर्यंत उभी असते आणि अळीला खायला मिळत राहतं. हा सगळा हिशेब त्या परिच्छेदात कुठेच नाही.

तो हिशेब सापडेल वर्धा रोडवर पांजरीला, केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांमध्ये सापडेल. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात सापडेल, ते तर १९०६ पासूनचं आहे. आपल्या भागाबद्दलचं कितीतरी ज्ञान छापील मराठीत, विस्तार पत्रिकांत आणि जुन्या अहवालांत आहे. मॉडेलपर्यंत ते फारसं पोचलेलं नाही, आणि आपल्याला हे माहीत नाही असं ते आपणहून सहसा म्हणत नाही. विदर्भाच्या प्रश्नावरही ते तितक्याच ठामपणे बोलतं. हे मी तुला जीव तोडून सांगते आहे, कारण २०१७ चा हंगाम मी विसरलेले नाही. त्या वर्षी बोंडअळीने इथला कापूस खाल्ला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कोणतं औषध, किती मात्रा, कधी फवारायचं, यावर तुझ्या प्रबंधात एखादं वाक्य चुकलं, तर उद्या ते कुणाच्या तरी माहितीपत्रकात जाईल.

आता तुझ्या आकड्यांबद्दल. कामगंध सापळ्यांच्या, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यांच्या, तक्त्यात हिंगण्याच्या शेतातले ऑगस्टचे दोन आठवडे आधीच्या मसुद्यात रिकामे होते. या मसुद्यात ते भरलेले दिसतात. पाऊस होता, नाल्याला पूर होता, शेतात जाता आलं नाही, असं तू तेव्हा सांगितलं होतंस. मग हे आकडे आले कुठून? कुठल्या साधनाने आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवरून अंदाज बांधून दिला असेल, तर तसं लिही. पद्धत लिही, तक्त्यात त्या रकान्यांना वेगळी खूण कर, आणि निष्कर्ष ते आकडे धरून आणि वगळून असे दोन्ही प्रकारे दाखव. अंदाज बांधण्याच्या मान्य सांख्यिकी पद्धती आहेत, त्यात गैर काही नाही. पण मोजलेला आकडा आणि अंदाजाचा आकडा एकाच शाईत लिहिला, की तो बनावट विदा (डेटा) झाला. शिवाय नुकसानीची पातळी आपण सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग अशी धरतो. एका भरलेल्या रकान्यामुळे ती पातळी ओलांडली गेली, तर तुझी शिफारसच बदलते. मला विचारशील तर रकाने रिकामे ठेव आणि खाली टीप दे. पावसामुळे नोंद नाही, हेसुद्धा निरीक्षणच आहे.

शेतकऱ्यांच्या मुलाखतींबाबत मी कडक आहे. सावनेरकडच्या त्या बाई सावकाराच्या कर्जाबद्दल तुझ्याशी मोकळेपणाने बोलल्या, ते तुझ्यावर विश्वास ठेवून. त्यांचं नाव, गाव, कर्जाची रक्कम असलेलं ध्वनिमुद्रण मजकूर करून मिळावा म्हणून फुकटच्या कुठल्याही साधनावर चढवू नकोस. संमतीपत्रात आपण लिहिलं आहे की ही माहिती संशोधक आणि मार्गदर्शक यांच्यापलीकडे जाणार नाही. आधी नावं आणि ओळखीच्या खुणा काढ. वऱ्हाडी बोली तशीही त्या साधनांना नीट कळत नाही, त्यामुळे मुलाखती स्वतःच ऐकून उतरवून काढ. वेळ लागेल, पण ऐकताना जे कळतं तेच तुझं चौथं प्रकरण होणार आहे.

इंग्रजीचं तू मागे विचारलं होतंस. मराठी माध्यमातून आल्यामुळे वाक्यं अडखळतात, साधनाकडून दुरुस्त करून घेतली तर चालेल का? चालेल, आणि त्यात लाज वाटून घ्यायचं कारण नाही. पैसेवाल्या विद्यापीठांतल्या मुलांना भाषा तपासून देणारी माणसं पूर्वीपासून मिळत आली आहेत. पद्धत मात्र अशी ठेव: आधी तुझ्या इंग्रजीत, मोडकं असलं तरी पूर्ण लिही, मग दुरुस्त करून घे, आणि शेवटी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळ न ओळ वाच. सफाईच्या नादात साधन ‘आढळलं’चं ‘सिद्ध झालं’ करून टाकतं. तुझ्या पहिल्या प्रकरणात असं झालेलं मला दोन ठिकाणी दिसलं. आर या आकडेमोडीच्या संगणकी भाषेतला कोड तपासून घ्यायला, आपल्या युक्तिवादावर विरोधी प्रश्न काढून घ्यायलाही ही साधनं चांगली आहेत. ती वापर.

आणि वापरलं की सांग. साधनाला लेखक म्हणून दाखवायचं नाही, हे २०२३ मध्येच प्रकाशन नीतीच्या ‘कोप’ या समितीने आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने स्पष्ट केलं. कारण साधं आहे: चूक निघाली तर ते उत्तर द्यायला उभं राहू शकत नाही. निव्वळ भाषेच्या दुरुस्तीची नोंद काही प्रकाशक मागतात, काही मागत नाहीत. तू मात्र दे. कोणतं साधन, कोणती आवृत्ती, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामासाठी, आणि त्यानंतर सगळा मजकूर मी स्वतः तपासला आहे, एवढं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं की झालं. २०२४ मध्ये लिथियम बॅटरीवरच्या एका निबंधाची प्रस्तावनाच ‘हो, ही घ्या तुमच्या विषयासाठी संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू झाली होती. लेखक, संपादक, परीक्षक, कुणीच ती पहिली ओळ वाचली नव्हती का, हा प्रश्न मला अजून छळतो.

छापण्याच्या घाईबद्दल थोडंच. व्हॉट्सॲपवर ‘आठवड्यात पेपर’ म्हणून येणाऱ्या जाहिरातींकडे बघू नकोस. पीएचडीसाठी निबंध छापून आलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढली. २०२३ या एका वर्षात जगात १०,००० हून जास्त निबंध मागे घेतले गेले, त्यातले ८,००० हून अधिक एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. तुझ्याकडे कधी परीक्षणासाठी दुसऱ्याचं हस्तलिखित आलं, तर तेही साधनात टाकायचं नाही, ते अजून त्याचं गुपित आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये आपल्या परीक्षकांना याची मनाईच केली. उलट बाजूनेही लोक कुठवर गेले बघ: २०२५ मध्ये काही निबंधांत पांढऱ्या अक्षरांत, माणसाला दिसणार नाहीत अशा सूचना सापडल्या, परीक्षण करणाऱ्या साधनाने फक्त चांगलंच लिहावं म्हणून.

शेवटी तुझी भीती. प्रामाणिकपणे लिहूनही तपासणीच्या सॉफ्टवेअरने ‘हे यंत्राने लिहिलं आहे’ म्हटलं तर? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतली १० टक्क्यांची मर्यादा दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्यासाठी आहे, तिचा याच्याशी संबंध नाही. आणि यंत्राचा मजकूर ओळखणारी साधनं अजून भरवशाची नाहीत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध ती चुकीने यंत्राचे ठरवतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, आणि ओपनएआयने स्वतःचं असं साधन त्याच वर्षी अचूकता कमी म्हणून बंद केलं. म्हणून पुरावा तूच जमवून ठेव. मसुद्याच्या प्रत्येक आवृत्तीची फाइल तारखेसह जप, पुसू नकोस. सापळ्यांच्या नोंदवह्या, चिखलाचे डाग असले तरी, मूळच्याच ठेव. साधनाला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, याची वेगळी वही कर, कारण तोच प्रश्न पुढच्या महिन्यात विचारला तर उत्तर वेगळं येईल. एवढं असलं आणि तरी कुणी शंका घेतली, तर समितीसमोर मी तुझ्या बाजूला बसेन आणि प्रत्येक पान त्यांच्यापुढे उघडून दाखवू.

तुझी,
मॅडम