हेडलाइट उघडून प्रोजेक्टर बसवायचा आहे, घरी परत सील करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणला राहता, गाडी सात वर्षांची आहे, पावसाळ्यात उजव्या हेडलाइटमध्ये पाणी साचतं. आता दोन्ही लाइट घरच्या ओटीजीत गरम करून उघडायचे, आत प्रोजेक्टर (भिंगातून झोत टाकणारा दिवा) बसवायचा आणि सिलिकॉनने परत चिकटवायचे, असा बेत आहे. करता येईल, घरी करता येईल. फक्त त्यातला ओटीजी आणि सिलिकॉन हे दोन्ही काढून टाका.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात हेच काम करतो. सिलिकॉनचं आधी सांगतो, कारण त्यात माझा स्वतःचा लाइट गेलाय. पहिल्यांदा उघडलेला लाइट मी दुकानातून आणलेल्या साध्या सिलिकॉनने बंद केला होता. नळीतून बाहेर येतानाच त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास होता. तो वास ॲसिटिक ॲसिडचा. सिलिकॉन वाळताना ते सुटत राहतं, आणि बंद लाइटमधून ते जाणार कुठे? रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. महिन्याभरात त्यावर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर आला. परत उघडायचं म्हटलं तर सिलिकॉन उष्णतेने मऊ होत नाही. कापून कापून उघडला, रिफ्लेक्टर फडक्याने पुसला, तर फडक्याबरोबर चमकच निघून आली. तो लाइट भंगारात गेला.

बहुतेक लाइट ब्युटाइलने चिकटवलेले असतात. ब्युटाइल म्हणजे काळा चिकट रबर, गरम केला की मऊ होतो, गार झाला की धरतो, आणि पुन्हा गरम केला की पुन्हा मऊ. काही कंपन्या मात्र एकदा वाळला की कायमचा कडक होणारा सीलंट वापरतात. तो कितीही तापवा, सुटत नाही. तशा लाइटची कड मशीनने कापावी लागते. तुमचा कुठला आहे ते आज रात्रीच बघा. काचेच्या कडेला जिथे सीलंट डोकावतो, तिथे हेअर ड्रायरची गरम हवा दोन मिनिटं द्या आणि टाचणी टोचा. टाचणी आत गेली आणि काढताना काळी तार आली, तर ब्युटाइल. टोचलेली जागा रबरासारखी उसळून वर आली, तर हात लावू नका. तसे लाइट मी गिऱ्हाइकाने आग्रह केला तरी घेत नाही.

ओटीजीत कारचा लाइट मावत नाही, मावला तरी कॉइलच्या इतका जवळ येतो की बॉडी वाकडी होते. शिवाय ज्यात अन्न शिजतं त्यात प्लास्टिक तापवू नये. मायक्रोवेव्हचा तर विचारही नको, रिफ्लेक्टरवर धातू आहे. मी जाड पुठ्ठ्याचं खोकं घेतो, खाली लाकडी फळी ठेवतो, बाजूला भोक पाडून हीट गनचं तोंड लाइटकडे थेट न रोखता आत सोडतो आणि वरून थर्मामीटर अडकवतो. ८० ते ९० अंश सेल्सिअस, आठ-दहा मिनिटं. त्याच्या वर जात नाही. खोक्याजवळून उठायचं नाही, पुठ्ठा पेटतो.

तापवण्याआधी बल्ब, मागची रबरी टोपणं, कडेच्या सगळ्या क्लिपा आणि स्क्रू काढा. एखादा स्क्रू कोपऱ्यात लपलेला असतो. तो राहिला की काच ओढताना कान तुटतो. मग कोपऱ्यापासून सुरुवात, टोकाला टेप गुंडाळलेला चपटा स्क्रूड्रायव्हर घालून. चिक्कीच्या पाकाला तार सुटते तशा काळ्या तारा सुटतील. लाइट असा धरा की त्या रिफ्लेक्टरवर पडणार नाहीत. ओढताना जोर लागला तर थांबा, पुन्हा पाच मिनिटं तापवा.

आता खरं काम. ज्या खाचेत काच बसते, त्यातला जुना ब्युटाइल पूर्ण काढायचा. लोक इथेच घाई करतात, जुन्यावरच नवा दाबतात. तुमच्या उजव्या लाइटमध्ये पाणी शिरतंय म्हणजे तिथला जुना माल कुठेतरी सुटलाय आणि त्यात धूळ बसली आहे. हीट गनने थोडा थोडा गरम करून खरवडा. उरलेले कण ब्युटाइलच्याच गोळ्याने टिपले जातात, पिठाच्या गोळीने परातीला चिकटलेलं पीठ टिपावं तसे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन काचेजवळ आणू नका. आपण काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट असतं, त्याला या द्रवांनी बारीक तडे जातात.

प्रोजेक्टर घेताना एक गोष्ट नक्की बघा. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून लो बीमची रेघ, म्हणजे खालच्या झोताची वरची कड, डाव्या बाजूला वर चढली पाहिजे. उजवीकडून चालणाऱ्या देशांतल्या गाड्यांचे प्रोजेक्टर जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, त्यांची रेघ उजवीकडे चढते. कुंभार्ली घाटात रात्री समोरून एसटी येतेय आणि तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत तुमचा झोत जातोय, असं काम मी कुणालाही करून देणार नाही.

प्रोजेक्टर बसवून काच लगेच चिकटवू नका. लाइट तसाच उघडा गाडीवर बसवा, बॅटरीला जोडा, भिंतीवर रेघ बघा. रेघ तिरपी असेल तर ती आत्ताच सरळ होईल. बाहेरच्या ॲडजस्टरने झोत वर-खाली, डावा-उजवा होतो, तिरपेपणा जात नाही. सगळं बसल्यावर गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, रेघ दिव्याच्या मध्यापासून साधारण १० सेंटिमीटर खाली हवी. आतली चौकट काळी रंगवायची असेल तर रंग चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या. ओल्या रंगावर बंद केलं तर बल्बच्या उष्णतेने त्याची वाफ आतून काचेवर बसते.

बंद करताना नवा ब्युटाइल, दोरीच्या स्वरूपात रोल मिळतो तो. खाचेत न ताणता बसवा, टोकं एकमेकांवर बोटभर चढवा आणि हा जोड वरच्या बाजूला ठेवा, खालच्या कोपऱ्यात पाणी थांबतं. काच बसवून पुन्हा खोक्यात दहा मिनिटं, मग कडेने दाबत क्लिपा आणि स्क्रू लावा, क्लॅम्प लावून गार होऊ द्या. तपासणीसाठी मागची सगळी भोकं बंद करा, एका नळीतून हलकी फुंकर घाला आणि कडेला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला ती जागा पुन्हा तापवून दाबा.

मागे श्वास घेणारी बारीक नळी किंवा फोमचं झाकण असतं, ते पाणी शिरेल या भीतीने बुजवू नका. दिवा तापतो, गार होतो, आतल्या हवेला ये-जा लागते. ती वाट बंद झाली की हवा कच्च्या जोडातून ओढली जाते आणि पावसात तिच्याबरोबर पाणीही. थंड रात्री कोपऱ्यात हलकी वाफ धरली आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात गेली तर काळजी नाही. थेंब ओघळले तर जोड गळतोय.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्याबद्दल आहे. काम करण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. आणि तुमची अडचण फक्त पाण्याचीच असेल, तर प्रोजेक्टर बाजूला ठेवा. उजवा लाइट उघडा, खाच साफ करा, नवा ब्युटाइल भरा. टाचणीला तार आली का ते मात्र आधी कळवा.