गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला गेम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी एकाच झिपमध्ये दिला तर चालतो का? की इन्स्टॉलर करू?

नाही. तीन सिस्टीम, तीन डाउनलोड. इन्स्टॉलरचं शेवटी बघू, कारण "एकाच झिपमध्ये" हे शब्द वाचून माझं डोकं परत तापलं.

२०१८ साली मी आणि माझ्या मावसभावानं कुस्तीचा एक गेम केला होता. कोल्हापूरच्या खासबागेचं मैदान, तांबडी माती, दोन पैलवान आणि ढाक, कलाजंग, घिस्सा असले डाव. सी प्लस प्लस ही भाषा आणि एसडीएल ही गेमची लायब्ररी वापरली होती. कोड माझा, चित्रं त्याची. राजारामपुरीतल्या त्याच्या खोलीवर कितीतरी रात्री घालवल्या. गेम भारी झाला होता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. पन्हाळ्याकडच्या एका गावात माझा दोस्त मास्तर आहे. तो म्हणाला, आमच्या शाळेत आणा की, पोरं नाचतील. लॅबमध्ये दहा मशीन, दहाही लिनक्सच्या उबंटू १६.०४ वर.

पॅकिंगचं काम मावसभावानं अंगावर घेतलं. मी म्हटलं, तीन वेगळ्या फाइली कर. तो म्हणाला, "कशाला कुटाणा? एका झिपमध्ये तीन फोल्डर टाकतो, ज्याला जे पाहिजे ते उघडंल." माझा लिनक्सचा बिल्ड, म्हणजे चालवायला तयार गेम, पेनड्राइव्हवर घेऊन त्यानं आपल्या विंडोजवर राइट क्लिक मारून झिप बांधली. गेम शंभर एमबीचा, झिप दोनशेच्या वर. मॅकचं फोल्डर तर रिकामंच होतं, आत फक्त "लवकरच" लिहिलेली टेक्स्ट फाइल.

शनिवारची सकाळची शाळा. वाघबीळचा चढ चढून आम्ही दोघं गाडीवरून पोचलो, तर पोरं आधीच मशीनपुढं दोन-दोन, तीन-तीन करून बसलेली. डबल क्लिक केलं. काही नाही. परत केलं. काही नाही. विंडोजवर बांधलेल्या झिपमध्ये "ही फाइल चालवायची आहे" ही लिनक्सची परवानगी टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण झिप आधी उघडून बघायची अक्कल मला सुचली नाही, ती चूक माझी. दहा मशीनवर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन खूण केली. तरी काही नाही. मग टर्मिनल उघडलं, तर एक ओळ: जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२७ सापडत नाही. माझ्या लॅपटॉपवर त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेलं १८.०४ होतं आणि गेम तिथंच बांधलेला. लॅबमधल्या १६.०४ वर जीलिबसी २.२३. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. हेडसर दारात उभे. "मग आता पोरांना काय दाखवताय?" शेवटी फोल्डरमधली पैलवानांची चित्रं एकेक करून दाखवली. पोरांनी ती बघितली आणि खिचडी खायला गेली.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गेलो. घरी व्हर्च्युअल मशीनमध्ये १६.०४ टाकून त्यावर गेम परत बांधला होता आणि टार-जीझेड (परवानगी टिकवणारी लिनक्सची झिप) करून नेला होता. चालला! पाच मिनिटं नुसता कल्ला. मग एका पोरानं घिस्सा मारला आणि गेम धाडकन बंद पडला. दुसऱ्या मशीनवर पण तेच. मावसभावानं त्या एका चित्राच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं होतं, कोडमध्ये ते स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला ती दोन वेगळी नावं. माझ्या लॅपटॉपवर कळलं नाही, कारण मी आपला सारखा ढाकच मारून बघायचो. पोरांना हे कळल्यावर ती मुद्दाम घिस्साच मारायला लागली. पैलवानाऐवजी मशीन चितपट करायचा खेळ झाला तो.

मावसभाऊ तेव्हापासून एकच पालुपद लावतो, "लिनक्सच तसलं." अरे बाबा, ज्या मशीनवर चालणार ते आपण आधी बघितलंच नाही, त्यात लिनक्सचा काय दोष?

आता तुमचं. तुम्ही गोडोत केलाय म्हणजे नावांची भानगड तुम्हाला विंडोजवरच कळेल, कारण एक्स्पोर्ट झाल्यावर पीसीके फाइलच्या (हिच्यात गेमची चित्रं, आवाज सगळं असतं) आत सगळीकडंच कॅपिटल-स्मॉल वेगळं धरतात. विंडोजसाठी झिप चालते, पण लोक झिप न सोडवता आतल्या आतच ईएक्सईवर क्लिक करतात, तिला शेजारी पीसीके सापडत नाही आणि शिव्या तुम्हाला बसतात. एक्स्पोर्ट करताना पीसीके ईएक्सईतच घालायचा पर्याय आहे, छोट्या गेमला तो घ्या. विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची धोक्याची निळी खिडकी येणार. "मोअर इन्फो" आणि मग "रन एनीवे" दाबा, असं डाउनलोडच्या शेजारीच मराठीत लिहून ठेवा. लिनक्सला टार-जीझेड, आणि ती लिनक्सवर किंवा डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आतलं लिनक्स) बांधा. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर टाकणार असाल तर त्यांचं बटलर हे अपलोडचं टूल वापरा, ते परवानग्या स्वतःच नीट करतं. मॅकसाठी गोडो विंडोजवरूनही थेट झिप करून देतो. ती उघडून, आत तुमची रीडमी घालून परत बांधू नका, आतली परवानगी जाते आणि गेम उघडत नाही.

आणि एकाच झिपचा हट्ट असेल तर हे बघा: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातसुद्धा सिस्टीमप्रमाणे फाइलींचे वेगळे डेपो, म्हणजे गठ्ठे, करता येतात, म्हणजे खेळणाऱ्याच्या मशीनवर त्याच्यापुरतंच उतरतं. दुसऱ्याचा नेट पॅक आपण का जाळायचा? हे मी मावसभावाला तेव्हाही सांगत होतो.

एक कबूल करायला पाहिजे. मॅकवर मी स्वतः आजवर काही विकलेलं नाही. ॲपलची नोटरायझेशनची, म्हणजे गेम तपासल्याची, मोहोर पाहिजे असेल तर डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर मोजावे लागतात. फुकटच्या गेमला मी तरी मोजणार नाही. मग खेळणाऱ्याला सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन परवानगी द्यावी लागते. मॅकची सेक्वोया ही आवृत्ती आल्यापासून राइट क्लिक करून गेम उघडायची जुनी पळवाट बंद झाली आहे.

आणि लिनक्सचं मशीन हाताशी नसेल, चालवून बघणारच नसाल, तर लिनक्सचा बिल्ड देऊच नका. विंडोजचाच द्या, स्टीम डेकवाले (लिनक्सवर चालणारं, हातात धरायचं गेमचं मशीन) प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तो चालवून घेतात. मावसभाऊ हल्ली लग्नाकार्यात भेटला की हेच सांगतो आणि "बघ, मी तेव्हाच म्हणत होतो" म्हणतो. तेव्हा तो असलं काहीएक म्हणत नव्हता. आम्ही शाळेत गेलो तो जुलै, प्रोटॉन आला ऑगस्टमध्ये.

इन्स्टॉलर: नको.