कोयत्याचा हिशेब कोयत्याकडेच हवा

प्रश्न : आमच्या रानाकडेला बीडकडची ऊसतोड मजुरांची दहा कोयत्यांची, म्हणजे दहा जोडप्यांची टोळी उतरलीय. हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, हे त्यांना पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत कळत नाही. रेशनही गावाकडंच राहिलंय. शेजारचे शेतकरी म्हणून आम्ही काय करू शकतो? – एक वाचक, चिकोडी तालुका, कर्नाटक

उत्तर : आधी त्यांना एक शंभरपानी वही आणून द्या. मजुरी टनावर, आणि कारखान्याच्या वजनकाट्याची पावती मात्र मुकादमाकडे (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडे) किंवा गाडीवाल्याकडे. घोळ होतो तो इथंच. म्हणून खेप खाली झाली की पावतीचा फोटो त्याच दिवशी टोळीतल्या एकाच्या तरी मोबाईलमध्ये यायला हवा. वहीत तारीख, उसाच्या फडाच्या मालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि दोन्ही वजनं उतरवा. समजा भरलेला ट्रॅक्टर २४.६०० टन, रिकामा ७.१००, म्हणजे ऊस १७.५०० टन, कोयत्यामागे १.७५०. वजावट धरली असेल तर किती आणि कशाची, तेही लिहा. पावती कन्नडमध्ये असली तर वाचून तुम्हीच सांगा. एवढी मदत सीमाभागातला माणूसच करू शकतो.

खर्चीला, म्हणजे हंगामात घरखर्चासाठी मुकादमाकडून घेतलेले पैसे मागच्या पानावर, मुकादमाच्या सहीसह. सही द्यायला तो कां-कूं करत असेल तर खर्ची फोनवरून खात्यात मागा, नोंद आपोआप राहते. आणि कोयता म्हणजे जोडपं. वहीत नाव एकट्या नवऱ्याचं नको, बाईचंही हवं; राबते तीही तेवढीच.

रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर केंद्राचं माणशी ५ किलो धान्य तुमच्या गावच्या दुकानातही अंगठ्यावर मिळतं. त्या महिन्याचं सगळं धान्य घरच्यांनी आधीच उचललं असेल तर मात्र इथं काही शिल्लक उरत नाही. तेव्हा गावाकडं फोन करून वाटणी आधी ठरवा. गरोदर बाईची नोंद अंगणवाडीत आणि आशाताईंकडे करून तायी कार्ड (कर्नाटकातलं आई-बाळाच्या आरोग्यनोंदीचं कार्ड) काढून घ्या. दाखला नाही म्हणून शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे.

उचलीपायी कुणाला जाऊ देत नसतील किंवा आधार कार्ड काढून घेतलं असेल, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. अर्ज तहसीलदारांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे, कन्नडमध्ये, दोन प्रतींत. वकील लागला तर १५१०० वर फोन करा, बायकांना तो मोफत मिळतो. आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.