परिमिती की क्षेत्रफळ? चौथीतल्या मुलाचा गोंधळ

प्रश्न: मुलगा चौथीत आहे. परिमिती विचारली की लांबी गुणिले रुंदी करतो आणि क्षेत्रफळ विचारलं की चारी बाजूंची बेरीज. रोज पाच-पाच वेळा सूत्रं लिहून घेते, सकाळी पाठ असतात, संध्याकाळी परत तेच. पट्टीने मोजलं तरी उत्तर एक सेंटीमीटर जास्तच. परीक्षेला पंधरा दिवस राहिलेत, क्लास लावू का?
– एक आई, लालबाग

उत्तर: ताई, क्लास नका लावू, आणि ते पाच वेळा लिहिणं तर आजच बंद करा.

पट्टीचं आधी बघू. तो बहुतेक 1 च्या रेघेपासून मोजतोय, म्हणून एक जास्त येतं. पेन्सिल मुद्दाम 3 वर ठेवा, टोक 10 वर येऊ दे आणि विचारा, केवढी? 10 म्हणाला तर ओरडू नका, मधली घरं बोटाने मोजायला लावा, सात भरतात. दोन दिवसांत सुटेल हे.

खरी अडचण परिमितीची. त्याला घरातल्या लादीवर आणा. भिंतीच्या कडेकडेने चालत खोलीला एक फेरी मार म्हणावं, ती परिमिती. मग फडकं देऊन अख्खी लादी पुसायला लावा, ते क्षेत्रफळ. मग लाद्या मोजू द्या, एका रांगेत 6, अशा 4 रांगा, तर एकेक मोजता मोजता तो स्वतःच म्हणेल की सहा चोक चोवीस, आणि गुणाकार का करायचा हे तिथे कळतं, वहीत नाही कळत. लादी दोन बाय दोन फुटांची असेल तर एक लादी किती स्क्वेअर फूट ते जरूर विचारा, बरीच मुलं 2 म्हणतात, असते 4. स्क्वेअर फूट हा शब्द त्याच्या कानावर रोज पडत असणार, तुमच्या जवळच बीडीडी चाळी आहेत, त्या जुन्या सरकारी चाळींच्या पुनर्विकासात जुनी खोली 160 ची आणि नवीन घर 500 चं, ही चर्चा सगळीकडे चालते, तर ते 500 म्हणजे नक्की काय हे त्याला आता दिसेल.

अजून एक कराच. 24 सेंटीमीटरचा दोरा घ्या, टोकं जोडून एक सेंटीमीटरच्या चौकटींच्या कागदावर ठेवा. 6 बाय 6 केला तर आत 36 चौकटी, 8 बाय 4 केला तर 32, 10 बाय 2 ला 20, आणि 11 बाय 1 ला फक्त 11! दोरा तोच, परिमिती तीच, आतली जागा मात्र बदलत गेली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांनी हे हाताने केलं त्यांचा गोंधळ परत झालेला मी पाहिला नाही, म्हणून एवढा आग्रह करतेय.

कोनांना घड्याळ पुरे, तीन वाजता काटकोन, दोनला लघुकोन, पाचला विशालकोन. लिटरसाठी अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्या पातेल्यात ओतताना त्याला जवळ उभं करा.

शेवटच्या चार दिवसांत रोज दोन गणितं तुम्ही सोडवा आणि तपासायला त्याला द्या, एकात मुद्दाम चौ. सेमी च्या जागी नुसतं सेमी लिहा. त्याने लाल पेनने गोल केला की समजा तयारी झाली.